ट्यूडर काळातली रहस्यकादंबरी कशी वाचावी: आधी साल बघा, मग प्रेत

मी साताऱ्यात दिवाणी वकिली करते. वाटप, वहिवाट, वारसनोंद, असली कामं. पुकारा होईपर्यंत बार रूममध्ये बसून राहावं लागतं, आणि तेवढ्या वेळासाठी पिशवीत एखादी जाड इंग्रजी कादंबरी असते. बहुतेक वेळा आठव्या हेन्रीच्या, नाहीतर पहिल्या एलिझाबेथच्या इंग्लंडमधल्या खुनाची. ज्युनिअर मुलं पुस्तक उचलतात, चार पानं वाचतात आणि परत ठेवतात. "मॅडम, कोण कोणाच्या बाजूचं आहे तेच कळत नाही!" तक्रार रास्त आहे. त्या काळात राहणाऱ्यांनाही ते धड कळत नव्हतं, आणि सगळी मजा तिथेच आहे. पण मजा हाती लागायला थोडी पूर्वतयारी लागते, म्हणून माझी पद्धत इथे सांगते.

पहिल्या कोऱ्या पानावर तीन ओळी

एरवीच्या रहस्यकथेत आपण आधी प्रेत बघतो. इथे आधी साल बघायचं. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने तीन ओळी लिहिते: साल कोणतं, गादीवर कोण, आणि त्या साली काय बोललं तर जीव जाईल. तिसरी ओळ लिहिल्याशिवाय पहिलं प्रकरण उघडायचं नाही.

त्यासाठी लागणारा इतिहास फार नाही. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड पडला आणि सातवा हेन्री राजा झाला. तिथून ट्यूडर घराणं सुरू. १५०९ला त्याचा मुलगा आठवा हेन्री आला. १५३४ मध्ये त्याने पोपला बाजूला सारून स्वतःच इंग्लंडच्या चर्चचं प्रमुखपद घेतलं. १५४७ला नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर बसला आणि कारभार कडक प्रोटेस्टंट झाला. १५५३ला मेरी आली, देश पुन्हा कॅथलिक. १५५८ला एलिझाबेथ आली, देश पुन्हा प्रोटेस्टंट, तो १६०३ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत आणि पुढेही. म्हणजे १५३० साली जन्मलेल्या माणसाने तिशी गाठेपर्यंत त्याच्या देशाने देवाबद्दलचं अधिकृत मत चार वेळा फिरवलं होतं. आणि १५३४च्याच राजद्रोहाच्या कायद्याने नुसत्या तोंडच्या शब्दांनाही देहदंडाची सोय करून ठेवली होती.

साल नीट बघा म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये सरकारी कागदांवरचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. फेब्रुवारीतल्या पत्रावर आपल्या हिशोबाने मागच्या वर्षाचा आकडा असतो. चांगले लेखक याचा उपयोग करून घेतात.

आता एक महिना जवळून बघू, म्हणजे तिसऱ्या ओळीचं महत्त्व पटेल. जुलै १५४०. २८ तारखेला थॉमस क्रॉमवेलचं मुंडकं उडवलं गेलं. हा लोहाराच्या घरचा पोरगा राजाचा सर्वांत ताकदवान मंत्री झाला होता, मठ त्यानेच बंद पाडले होते. त्याच दिवशी राजाने पाचवं लग्न लावलं. दोन दिवसांनी, ३० जुलैला, लंडनच्या स्मिथफील्ड मैदानावर सहा धर्मगुरूंना मारण्यात आलं. तिघे प्रोटेस्टंट होते. त्यांना पाखंडी ठरवून जाळलं. तिघे कॅथलिक होते. राजाला चर्चचा प्रमुख मानत नाहीत म्हणून राजद्रोही ठरवून फासावर चढवलं आणि चिरलं. तुरुंगातून आणताना एकेका जाळीवर एक प्रोटेस्टंट, एक कॅथलिक असे जोडीने बांधून घोड्यामागे फरपटत नेलं होतं.

आता कल्पना करा की त्या आठवड्यात एक सोनार मेला आहे आणि त्याच्या पेटीत तुम्हाला एक छापील पत्रक सापडलं आहे. ते कोणाला दाखवाल? ज्या दरबाऱ्याच्या शब्दावर तुम्ही तपासाला निघालात, तो परवा जिवंत असेल का? शेजारीण म्हणते, "मी काहीच पाहिलं नाही." ती खुनात सामील आहे, की सोनाराकडे रात्री कोण प्रार्थनेला जमायचं हे तिला माहीत आहे?

साध्या डिटेक्टिव्ह कथेत जो खोटं बोलतो त्याच्यावर आपण संशय घेतो. ट्यूडर कथेत सगळेच खोटं बोलतात, त्यामुळे तो नियम कुचकामी. मी समासात खुणा करते: धर्मापायी बोललेल्या खोट्याला 'ध', जमिनीपायी बोललेल्याला 'ज', आणि दोन्हींत न बसणाऱ्याला प्रश्नचिन्ह. खुनी बहुधा प्रश्नचिन्हांत असतो. नसला, तर 'ज'मध्ये हमखास.

जमीन कोणाच्या नावावर चढणार ते बघा

इथे माझ्यातली दिवाणी वकील जागी होते, सांभाळून घ्या.

१५३६ ते १५४० या काळात इंग्लंड आणि वेल्समधले आठशेच्या आसपास मठ बंद झाले. आधी १५३६च्या कायद्याने वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले छोटे मठ गेले, मग दबाव आणून, पेन्शनची आमिषं दाखवून मोठे. शेवटचा वॉल्थमचा, मार्च १५४० मध्ये. ग्लास्टनबरीच्या म्हाताऱ्या मठाधिपतीला १५३९ मध्ये गावाजवळच्या टेकडीवर फाशी दिलं, ते बाकीच्यांनी समजून घ्यावं म्हणूनच. शतकानुशतकं मठांकडे असलेल्या जमिनी, गिरण्या, मासे पाळायची तळी, छतावरचं शिसं, घंटा, सगळं राजाकडे. हा व्यवहार सांभाळायला १५३६ साली एक खास न्यायालय काढलं, कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स. पुढे या जमिनी सरदारांनी, व्यापाऱ्यांनी आणि, सांगायला लाज वाटते, वकिलांनी विकत घेतल्या.

त्यामुळे कादंबरी १५३६ ते १५४५ मधली असेल तर प्रत्येक नव्या पात्राला मनातल्या मनात एकच प्रश्न विचारायचा: या माणसाची कोणत्या मठाच्या मिळकतीवर नजर आहे? कुळं, सीमेची भांडणं, खोटी खरेदीखतं, मागची तारीख टाकलेले भाडेपट्टे हे सगळं तिथे आहे. एखादा संन्यासी रात्री हिशोबाच्या वह्या लपवताना दिसला, की मी खुर्चीत सरसावून बसते.

दुसरी अशीच खाण म्हणजे कोर्ट ऑफ वॉर्ड्स, स्थापना १५४०. राजाकडून विशिष्ट हक्काने जमीन धारण करणारा माणूस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारस मागे ठेवून मेला, की त्या मुलाचं पालकत्व राजाकडे जायचं आणि राजा ते विकायचा. विकत घेणाऱ्याला जमिनीचं उत्पन्नही मिळायचं आणि मुलाचं लग्न कुठे लावायचं हा अधिकारही. खुनाला याहून चांगलं कारण शोधून सापडणार नाही. आपल्याकडे ब्रिटिशांनी हेच नाव वापरून १९०५ साली मुंबई इलाख्यात कायदा केला. जुन्या इनामदारांच्या आणि संस्थानिकांच्या कागदांत 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' दिसतं ते त्याचं. हेतू पुष्कळ बदलला होता, पण नाव त्या ट्यूडर कोर्टाचंच.

सुरुवात कुठून

सी. जे. सॅन्समच्या 'डिसोल्यूशन'पासून. यावर मी वाद घालत नाही. सॅन्समने इतिहासात डॉक्टरेट केली आणि मग सॉलिसिटर म्हणून काम केलं. दोन्ही गोष्टी पानापानांवर दिसतात. २००३ साली आलेली ही कादंबरी १५३७ मध्ये घडते. ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक मठात क्रॉमवेलने पाठवलेल्या अधिकाऱ्याचं डोकं उडवलेलं आहे आणि तपासाला जातो मॅथ्यू शार्डलेक, लिंकन्स इन या लंडनच्या वकिलांच्या संस्थेतला कुबडा वकील. मठ म्हणजे बंद जागा, मोजकी माणसं, बाहेर बर्फ. नवख्या वाचकाला याहून सोपं प्रवेशद्वार नाही. दुसरं म्हणजे शार्डलेक सुरुवातीला क्रॉमवेलचा भक्त आहे. तो चुकीच्या बाजूला तर नाही ना, ही शंका खुनाच्या कोड्याइतकीच वाचकाला खेचत नेते.

मग क्रमाने जा: 'डार्क फायर' (१५४०चा उन्हाळा, वर सांगितलेला तोच), 'सॉव्हरिन' (१५४१, यॉर्क), पुढे 'हार्टस्टोन' (१५४५, कोर्ट ऑफ वॉर्ड्स आणि पोर्टस्मथसमोर बुडालेलं मेरी रोझ जहाज). १५४९ साली केट नावाच्या माणसाने केलेल्या बंडावरचं शेवटचं पुस्तक विटेसारखं जाड आहे. त्याने सुरुवात केलीत तर पुन्हा या वाटेला येणार नाही. लेखक एप्रिल २०२४ मध्ये गेला, त्यामुळे शार्डलेक सात पुस्तकांवरच थांबला.

वाचताना डब्लेट, जर्किन, किर्टल असले कपड्यांचे शब्द आले की थांबू नका, पुढे चला. एवढं ध्यानात ठेवा की कोणी कोणतं कापड घालायचं याचे तेव्हा कायदे होते. पात्राच्या अंगावर त्याच्या ऐपतीबाहेरचं मखमल किंवा फर दिसलं आणि लेखकाने ते मुद्दाम सांगितलं, तर ती खूण समजा. पैशाचं गणित: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड. बस.

नावांचा मात्र बंदोबस्त करावा लागतो. वुल्झी थॉमस, मोर थॉमस, क्रॉमवेल थॉमस, आर्चबिशप क्रॅनमर थॉमस, नॉरफोकचा ड्यूक थॉमस, सर रायथस्ली तोही थॉमस. पेशवाई वाचताना दोन बाजीराव आणि दोन माधवराव वेगळे ठेवावे लागतात, तसं इथे हुद्द्याने ओळखायचं. मी नाव खोडून 'मंत्री', 'पाद्री', 'ड्यूक' असंच लिहिते. आठव्या हेन्रीच्या राण्यांत कॅथरीन तीन आणि अ‍ॅन दोन आहेत. त्यांच्यासाठी पुन्हा सालच कामाला येतं.

पोलीस नाहीत हे लक्षात ठेवा

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये पोलीस खातंच नव्हतं. गावात कॉन्स्टेबल असे, पण तो आपला धंदा सांभाळून, बिनपगारी, पाळीने काम करणारा गावकरी. त्याच्यावर जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक जमीनदार. साक्षीदारांच्या जबान्या त्याने लिहून घ्याव्यात असं बंधन तर १५५४-५५च्या कायद्यांनी आलं. त्यामुळे तपास करणाऱ्या वकिलाला, हकिमाला, संन्याशाला "तुला कोणी विचारलं?" असं कोणीही सुनावू शकतं. त्याच्याकडे असतं ते एखाद्या बड्या माणसाचं पत्र, आणि तो बडा माणूस पडला की पत्राची रद्दी.

संशयास्पद मृत्यू झाला की कोरोनर यायचा. मुंबईतही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोरोनर होता, त्यामुळे जुन्या वकिलांना हा शब्द ओळखीचा. प्रेतासमोर ज्युरी बसवायची, जखमा मोजायच्या, आणि लॅटिनमध्ये अहवाल. असा एक अहवाल कादंबऱ्या सुरू करण्याआधी जाणून घ्या, नाटककार ख्रिस्तोफर मार्लोचा.

३० मे १५९३, लंडनजवळचं डेटफर्ड, एलिनॉर बुल नावाच्या बाईचं घर. चार पुरुष सकाळी दहाच्या सुमारास जमले, जेवले, बागेत फिरले, संध्याकाळी पुन्हा जेवले. मग बिलावरून वाद. अहवाल म्हणतो की मार्लो पलंगावर पडला होता आणि इतर तिघे त्याच्याकडे पाठ करून बाकावर बसले होते, मधे इन्ग्रम फ्रायझर. मार्लोने फ्रायझरच्याच कमरेचा खंजीर ओढून त्याच्या डोक्यावर दोन वार केले. झटापटीत खंजीर मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर घुसला. जखम दोन इंच खोल, एक इंच रुंद. जागीच मृत्यू. खंजिराची किंमत बारा पेन्स. किंमत का लिहिली? कारण ज्या वस्तूने माणूस मेला ती वस्तू किंवा तिचं मोल राजाकडे जमा व्हायचं.

आता वकिलाच्या डोळ्याने बघा. खोलीत चौघे. एक मेला. उरलेल्यांत एक आरोपी आणि दोघे त्याचे सोबती, आणि साक्ष यांचीच. दोघांच्या मधे अडकून बसलेला माणूस पाठीमागून वार होत असताना असा नेमका प्रतिकार कसा करतो? त्या दोन सोबत्यांपैकी रॉबर्ट पोली सरकारी हेर होता. मार्लोवर त्याच महिन्यात प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळासमोर, हजेरी लावायची वेळ आली होती, प्रकरण नास्तिकपणाचं. फ्रायझरला महिन्याभरात राणीची माफी मिळाली. हा अहवाल दप्तरात पडून होता, तो १९२५ मध्ये सापडला. कुठलाही कादंबरीकार याहून चांगलं पहिलं प्रकरण लिहू शकणार नाही, आणि ट्यूडर रहस्यकथेचे बरेच लेखक खरं तर याच अहवालातल्या रिकाम्या जागा भरत असतात.

८ सप्टेंबर १५६०चं प्रकरणही असंच. राणी एलिझाबेथचा लाडका रॉबर्ट डडली, त्याची बायको अ‍ॅमी जिन्याच्या पायथ्याशी मान मोडून मेलेली सापडली. त्या दिवशी तिने नोकरांना जत्रेला पाठवलं होतं. ज्युरीने अपघात म्हटलं. तिच्या डोक्यावर दोन जखमा होत्या ही नोंद असलेला अहवाल थेट २००८ मध्ये ब्रिटिश दप्तरखान्यात सापडला.

कोर्टाकडून फार अपेक्षा नको

शेवटी भर कोर्टात उलटतपास होईल आणि खुनी कोसळेल, अशी वाट बघत बसू नका. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला तेव्हा बचावासाठी वकीलच मिळत नसे. जबरदस्तीने कबुली घेणं सामान्य कायद्यात बसत नव्हतं, पण प्रिव्ही कौन्सिलचा हुकूम आणला की टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात हाडं निखळेपर्यंत ताणायची सोय होती. आणि आरोपीने "दोषी" किंवा "निर्दोष" काहीच म्हणायला नकार दिला तर खटला सुरू होत नसे. मग त्याला जमिनीवर आडवं पाडून अंगावर वजनं चढवत जायचे, बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. काही जण मुद्दाम गप्प राहून मरत, कारण दोषी ठरलं नाही तर मिळकत जप्त होत नाही, वारसांना मिळते. १५८६ साली यॉर्कमध्ये मार्गारेट क्लिदरो अशीच मेली. तिच्या बाबतीत मुलांना साक्षीला ओढलं जाऊ नये हे कारण सांगतात. 'डार्क फायर'मध्ये एक मुलगी अशीच तोंड मिटून बसते, आणि शार्डलेकला तिला बोलतं करायचं असतं. हा कायदा माहीत असेल तर ती पानं वाचताना घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

उलट्या बाजूची पळवाटही होती. लॅटिनमधला एक ठरावीक स्तोत्राचा तुकडा वाचून दाखवला की पहिल्या गुन्ह्याला फाशी टळायची, अंगठ्यावर डाग देऊन सोडायचे. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ मध्ये एका नटाला द्वंद्वात मारलं आणि असाच सुटला. संशयिताचा अंगठा लेखकाने दाखवला तर बघून ठेवा.

एलिझाबेथच्या काळात शिरताना

पहिली तीसेक पानं जड जातील, कारण इथे खुनापेक्षा हेरगिरी जास्त. राणीची हेरगिरी सांभाळणाऱ्या वॉल्सिंगहॅमची माणसं, सांकेतिक लिपी, दुहेरी हेर. १५८६ मध्ये कैदेतल्या स्कॉट राणी मेरीची पत्रं बिअरच्या पिंपाच्या बुचातून जात होती, आणि प्रत्येक पत्र वाटेत उघडून, उलगडून, पुन्हा बंद करून पुढे पाठवलं जात होतं. पुढच्या फेब्रुवारीत तिचा शिरच्छेद झाला. एस. जे. पॅरिसची जॉर्डानो ब्रूनो मालिका या वातावरणासाठी वाचा. ब्रूनो खरा तत्त्वज्ञ, खरोखर १५८३ मध्ये इंग्लंडला आलेला. कोडी सॅन्समइतकी घट्ट नाहीत, पण परक्या माणसाच्या नजरेतून लंडन दिसतं ते मला आवडतं.

या पुस्तकांत लपूनछपून फिरणारे जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे, पाद्री येतील. भिंतीत लपायला केलेल्या जागा, रात्रीची मास (कॅथलिक उपासना), पकडले गेले तर लंडनच्या टायबर्नचा फास. १५८१ मध्ये एडमंड कॅम्पियन तसाच गेला. त्यांना केवळ पडद्यावरची पात्रं समजू नका. त्याच पिढीतला, विल्टशरचा एक इंग्रज कॅथलिक तरुण देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तोच आपला 'ख्रिस्तपुराण' लिहिणारा फादर स्टीफन्स. तो मायदेशी पाद्री म्हणून परतला असता तर १५८५च्या कायद्याने त्याचं तिथे असणंच राजद्रोह ठरलं असतं.

वाईट पुस्तक लवकर कसं ओळखावं

पन्नास पानांत कळतं. नायक आजच्या वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखा विचार करत असेल आणि नरकाची भीती एकालाही वाटत नसेल, तर ठेवून द्या. हेन्रीच्या ताटात बटाटा दिसला तरी ठेवून द्या, तो तिथे तेव्हा पोचलाच नव्हता. दर दोन पानांना राजा स्वतः भेटायला येत असेल तर तेव्हाही. चांगल्या लेखकाचा राजा दोन प्रसंगांत येतो आणि बाकी सगळीकडे त्याची धास्ती असते. शेवटी लेखकाची ऐतिहासिक टीप असते, ती आधी उघडू नका. खरं काय आणि रचलेलं काय हे सांगताना ती खुनीही सांगून टाकते.

जोसेफाइन टे हिची १९५१ची 'द डॉटर ऑफ टाइम' ही कादंबरी मात्र सगळ्यांत शेवटी वाचा. तिच्यात विसाव्या शतकातला एक पोलीस अधिकारी इस्पितळात पडल्या पडल्या, १४८३ नंतर टॉवरमधून नाहीशा झालेल्या दोन राजपुत्रांचा तपास करतो. त्यांचा खून तिसऱ्या रिचर्डने केला असं आपल्याला पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. सांगणारे बहुतेक ट्यूडरांच्या पदरचे होते. ती वाचून झाल्यावर माझ्या कोऱ्या पानावर चौथी ओळ वाढली: हे लिहून कोणी ठेवलं?